गाडीतले भाकीत आणि करंजियाचे चौघे

रामपायली हे बालाघाट जिल्ह्यातले, चंदन नदीकाठचे गाव, तिथल्या राममंदिरासाठी ओळखले जाणारे. ज्या गावाचे दैवत राम, त्याला वाट पाहणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. शबरी आणि भरत त्याच कथेतले. ख्रिस्ती श्रद्धेतही वाट पाहण्याला असाच मान आहे. पण १९५६ पर्यंत ज्याची राजधानी नागपूर होती, त्या जुन्या मध्य प्रांताच्या मराठी-गोंडी पट्ट्यातला ख्रिस्ती प्रार्थनेचा इतिहास बहुधा शेवटाकडून सांगितला जातो. आधी फळ दाखवायचे, मग मागे जाऊन त्याचे बीज शोधायचे. कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट याचा ठळक नमुना. रामपायलीच्या दक्षिणेकडून गोंदियावरून जाणाऱ्या लोहमार्गाने १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने त्यांच्याशी सौजन्याने गप्पा मारल्या, नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरे ठरले, प्रार्थना फळाला आली, असे म्हणून ही गोष्ट तिथेच संपवतात. मला वाटते, ती तिथे संपवणे हाच श्रद्धेवरचा अन्याय आहे. या मुलखात ख्रिस्ती आशा टिकली ती मिळालेल्या उत्तरांच्या हिशेबावर टिकली नाही. उत्तर न मिळालेल्या काळात माणसे काय करत राहिली, यावर टिकली.

हिशेब मांडायचाच तर तो लगेच अडचणीत येतो. टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या होत्या, पदरात लहान मुलगा होता. त्यापुढे चार वर्षांहून अधिक काळ हे जोडपे वेगळे राहिले. टिळक प्रार्थना करत होते की बायको आपल्याकडे यावी. आणि लक्ष्मीबाई, पंढरपूर-जलालपूरकडे आपल्या माणसांत राहून, नवरा परत यावा म्हणून आपल्या देवांना साकडे घालत होत्या. दोन्ही प्रार्थना तितक्याच कळवळ्याच्या. लक्ष्मीबाई अखेर नगरला नवऱ्याकडे गेल्या, तेव्हाही सोवळे आणि चूल वेगळी ठेवूनच. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग एक प्रार्थना ऐकली गेली आणि दुसरी नाही, असे म्हणायचे? तसे म्हणणारा माणूस श्रद्धेची बाजू घेत नाही, तो फक्त जिंकलेल्याची बाजू घेतो. ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिताना लक्ष्मीबाईंनी मात्र आपल्या जुन्या देवभक्तीची टिंगल केली नाही. त्या हसतात ते बहुतेक स्वतःला, आणि त्याहून जास्त टिळकांना.

यावर उत्तर तयार असते: धीर धरा, उशिरा का होईना फळ येतेच. ज्यांचे फळ आले त्यांच्याच गोष्टी छापल्या जातात, म्हणून हे उत्तर खरे वाटते. बालाघाटला लागून असलेल्या मंडला भागात, अमरकंटकच्या वाटेवर, करंजिया नावाचे गोंड वस्तीचे गाव आहे. गॉसनर या जर्मन पाद्र्याने पाठवलेली मिशनऱ्यांची एक छोटी तुकडी तिथे राहायला गेली. १८४२ साली पटकी आली आणि काही दिवसांतच चौघे दगावले. त्यांना ना भाषा पुरती आली होती, ना एखादी मंडळी उभी राहिली होती. पुढे नागपुरात मिशनरी स्टीफन हिस्लॉप आले, त्यांच्या नावाचे कॉलेज निघाले, आणि मग त्या चौघांच्या मरणाला पाया म्हणायची सोय झाली. ही सोय मला पटत नाही. मेलेल्या माणसाला नंतरच्या इमारतीचा पाया म्हणणे जिवंतांना सोपे जाते, पण त्याने मागितलेले त्याला मिळाले नाही, हे त्यामुळे खोटे ठरत नाही.

मग आशा उरते कुठे? याचे सर्वांत ठोस उत्तर मला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. १८७०च्या दशकात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे विद्वान कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत होते. व्रते, दाने, जप, सारे झाले; आणि दुष्काळात आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण अशी माणसे उपासमारीने खंगत गेली. न ऐकल्या गेलेल्या प्रार्थनेचा याहून कडवट अनुभव कोणाला असेल? १८८३ साली इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ सालच्या दुष्काळाने मध्य प्रांत होरपळला, तेव्हा या बाईने पुण्यात बसून केवळ प्रार्थना केली नाही. त्या स्वतः मध्य प्रांतात आल्या आणि सुमारे तीनशे मुली-विधवांना घेऊन गेल्या. केडगावचा त्यांचा आश्रम, मुक्तिसदन, त्यातून भरला. प्रार्थनेने त्यांना बसवून ठेवले नाही, आगगाडीत बसवले. गरिबाला धीर शिकवणे म्हणजे त्याला भुकेची सवय लावणे, हा धर्मावरचा जुना आक्षेप आहे आणि अनेक ठिकाणी तो खराही आहे. पण इथे लागू होत नाही.

कोणी विचारेल, हे तर नुसते समाजकार्य झाले, यात ख्रिस्ती काय राहिले? प्रश्न रास्त आहे, कारण त्याचा जिवंत दाखला त्याच करंजियात आहे. १९३२ साली व्हेरिअर एल्विन हे इंग्रज पाद्री तिथे गोंडांमध्ये राहायला आले. १९३५ साली त्यांनी चर्च सोडले. गोंड-बैगांना मात्र सोडले नाही. म्हणजे काम श्रद्धेवाचूनही चालते. हे मान्य करावे, त्यात श्रद्धेचे काही जात नाही. फरक पडतो तो काम अपुरे पडते तेव्हा. ज्याच्याकडे प्रार्थना आहे त्याला गाऱ्हाणे घालायला कोणीतरी उरते, मग ते ऐकले जावो वा न जावो. आणि बायबलातली बरीच स्तोत्रे अशा गाऱ्हाण्यांचीच आहेत, आभाराची नव्हेत. चर्चमधल्या साक्षींत नेमकी हीच बाजू गाळली जाते. उत्तर आलेला माणूस पुढे बोलावला जातो, वाट पाहणारा मागच्या बाकावर राहतो.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांत ही बाजू झाकता येत नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करत होत्या. छपाई केडगावातच, आश्रमातल्या बायकांच्या हातून चालली होती. मनोरमा ही त्यांची एकुलती एक मुलगी, कामाची वारस. जुलै १९२१ मध्ये ती आईच्या आधी गेली. रमाबाई पुन्हा मुद्रितांकडे वळल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या आणि बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली.