जोर न लावता

हृदयाला भोक म्हटलं की आपल्याला आजार आठवतो. पण काही वेळा डॉक्टर ते मुद्दाम पाडतात.

शिरेतून सरकवलेला कॅथेटर हृदयाच्या उजव्या बाजूला पोचतो. १९२९ मध्ये जर्मनीत एबर्सवाल्डला वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने तो स्वतःच्याच हाताच्या शिरेतून आत घातला होता. डावीकडचा वरचा कप्पा मात्र अवघडच राहिला. १९५० च्या दशकात तिथे पोचायला पाठीतूनही सुई घालत.

खरी वाट आतच होती. आईच्या पोटात असताना वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा एका जागी उघडा असतो. जन्मानंतर ती जागा मिटते, पातळ खळगा उरतो. १९५९ मध्ये अमेरिकेत जॉन रॉस यांनी मांडीच्या शिरेतून लांब, वाकडी सुई नेऊन हा खळगा टोचण्याची पद्धत मांडली. पुढे ब्रॉकेनब्रो यांनी सुई सुधारली. १९८४ मध्ये जपानच्या इनोउए यांनी झडप रुंद करणाऱ्या फुग्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याची वाटही हीच. संधिवाती तापाने झडप आखडलेल्या असंख्य भारतीय रुग्णांना या फुग्याने छाती न उघडता दिलासा दिला.

अडचण होती जोराची. चिवट पडदा तंबूसारखा ताणला जातो, मग एकदम सुटतो आणि सुई पलीकडच्या भिंतीत घुसू शकते. हृदयाभोवती रक्त साचलं, तर काही मिनिटांत जीव धोक्यात येतो.

यावरचं तंत्र शस्त्रक्रियेत जुनंच होतं. १९२६ मध्ये बोस्टनला हार्वी कुशिंग यांनी विल्यम बोवी यांचं विजेचं यंत्र मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरलं. हा प्रवाह सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलतो. इतक्या वेगाला स्नायू दचकत नाहीत, पण टोकाजवळच्या पेशींतलं पाणी उकळतं. २००१ च्या सुमारास टोरोंटोच्या बालहृदयतज्ज्ञांनी हीच रेडिओलहरींची ऊर्जा या पडद्यासाठी वापरली. आता टोक बोथट असलं तरी चालतं. क्षणभर ऊर्जा दिली की भोक पडतं, ढकलावं लागत नाही.

इंजिनियर म्हणून मला इथे एक गोष्ट खुणावते. हाताला जाणवणारा अडथळा ही माहितीसुद्धा होती. वीज चुकीच्या जागीही तितक्याच सहज आरपार जाते, आणि महाधमनी अगदी शेजारी आहे. म्हणूनच बटण दाबण्याआधी डॉक्टर इकोच्या पडद्यावर टोक नेमकं कुठे टेकलंय ते पाहून घेतात.