जनुकभेद आणि बालवाढ (खानदेश)

जनुकभेद आणि बालवाढ : माणसामाणसांच्या जनुकांत जे बारीक फरक असतात, त्यांचा मुलाच्या उंचीवर, वजनावर, हाडांच्या पक्वतेवर व वयात येण्याच्या काळावर होणारा परिणाम आणि त्याचा अभ्यास. खानदेशात, विशेषतः चोपडा, यावल, रावेर व शिरपूर या तालुक्यांच्या सातपुडा पट्ट्यात, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सिकलसेलचे जनुक. भिल्ल व पावरा समाजांत ते मोठ्या प्रमाणात आढळते. इथल्या बालवाढीचा विचार या जनुकाला वगळून पुरा होत नाही, आणि नुसत्या त्याच्यावर थांबूनही होत नाही.

वाढीशी संबंधित जनुकभेद ढोबळमानाने दोन प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकारात असंख्य भेद येतात. प्रत्येकाचा वाटा अगदी अल्प, बहुतेकदा मिलिमीटरभराचा. सर्वसामान्य लोकसंख्येतील उंचीशी निश्चित संबंध असलेला असा पहिला भेद 2007 मध्ये एचएमजीए2 या जनुकाजवळ सापडला. 2022 मध्ये सुमारे 54 लाख लोकांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात अशा भेदांची संख्या 12,111 वर गेली. युरोपीय वंशाच्या लोकांत उंचीतील तफावतीपैकी सुमारे 40 टक्के भाग या भेदांवरून सांगता आला. इतर वंशांच्या लोकांत 10 ते 20 टक्केच. कारण उघड आहे : अभ्यासात घेतलेले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावरून बांधलेला आडाखा चोपडा तालुक्यातील वैजापूर किंवा सत्रासेनच्या पावरा मुलाला लावणे शास्त्राला धरून होणार नाही. जीनोमइंडिया प्रकल्पात भारतातील सुमारे 10,000 लोकांचे जनुकसंच वाचून झाले व जानेवारी 2025 मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली करण्यात आली. ही उणीव भरून काढण्याची ती सुरुवात आहे.

दुसऱ्या प्रकारात एकच भेद वाढ अडवतो. महाराष्ट्राशी निगडित असलेला असा भेद जीएचआरएचआर या जनुकात आहे. मेंदूतून येणारा ‘वाढ-संप्रेरक सोडा’ हा निरोप पियूषिका ग्रंथीत ज्या ग्राहीवर पोहोचतो, तो ग्राही हे जनुक घडवते. 72 व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी थांबण्याचा संकेत आला की ग्राही अर्धवट राहतो, संप्रेरक जवळजवळ स्रवतच नाही आणि मूल प्रमाणबद्ध पण अतिशय ठेंगणे राहते. नात्यात लग्ने झालेल्या एका भारतीय मुस्लिम कुटुंबात हा भेद 1996 मध्ये ओळखला गेला. 1998 मध्ये सिंधमधील ठेंगण्या माणसांच्या कुटुंबांतही तोच आढळला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील संप्रेरकतज्ज्ञांनी पश्चिम भारतातील अनेक रुग्णांत तो नोंदवला आहे. वेळेवर निदान झाले तर संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी ही मुले चांगली वाढतात.

सिकलसेल : हा भेद बीटा-ग्लोबिन जनुकातील एकाच अक्षराचा आहे. त्यामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात व तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आईबापांपैकी एकाकडूनच हे जनुक आले तर मूल वाहक होते. त्याची वाढ सहसा निकोप असते. दोघांकडून आले तर मूल रुग्ण होते. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता 25 टक्के असते. वाहकांना घातक हिवतापापासून काही संरक्षण मिळते, हे ए. सी. अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये दाखवले. ज्या जंगलपट्ट्यांत हिवतापाचा जोर पिढ्यानपिढ्या राहिला, तिथे हे जनुक टिकून राहण्याचे हेच कारण मानले जाते.

मध्य भारतात या जनुकाची नोंद 1958 मध्ये नागपूरचे शुक्ला व सोळंकी यांनी केली. महाराष्ट्रातील आदिवासींमधील प्रसाराचे मोठे काम पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांचे. काटे व लिंगोजवार यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार भिल्ल, पावरा, माडिया, परधान, गोंड व ओतकर या जमातींत सिकलसेल विकाराचे प्रमाण 20 ते 35 टक्के होते. त्यात वाहकच बहुसंख्य. 1 जुलै 1998 पर्यंत धुळे जिल्ह्याचा भाग असलेल्या नंदुरबारची गणना याच पाहणीने सर्वाधिक रुग्णसंख्येच्या जिल्ह्यांत केली. चोपड्याचा डोंगरपट्टा त्याच सातपुड्याचा आणि त्याच समाजांचा आहे.

रुग्ण मुलाची वाढ का खुंटते? पहिले पाच-सहा महिने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन त्याला सांभाळते, म्हणून जन्मतः वजन व लांबी इतर बाळांसारखीच असते. ते ओसरले की तांबड्या पेशी लवकर फुटू लागतात. नव्या पेशी घडवण्यासाठी मज्जेला सतत राबावे लागते, हृदयाचे काम वाढते आणि शरीर स्वस्थ असतानाही अधिक ऊर्जा खर्ची पडते. म्हणजे या मुलाला इतरांपेक्षा जास्त अन्न लागते. वारंवार येणारा ताप आणि हाडांतील वेदना मात्र भूक मारतात. जस्ताची उणीव भर घालते. अमेरिकेतील 2,115 रुग्णांच्या 1984 मधील अभ्यासात उंचीपेक्षा वजन अधिक मागे पडलेले दिसले. वयात येणे लांबले, पण पुढे उंची बरीचशी भरून निघाली, वजन नाही. आईबापांनी हे जरूर लक्षात ठेवावे : बारा-तेरा वर्षांचा लहानखुरा दिसणारा रुग्ण मुलगा कायमचा ठेंगणा राहील असे नाही.

भारतातील सिकलसेल जनुकाभोवतीच्या जनुकीय पार्श्वभूमीला अरब-भारतीय म्हणतात. तिच्याबरोबर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही तुलनेने जास्त राहते. पश्चिम भारतातील आदिवासींत अल्फा-थॅलॅसेमिया या रक्तविकाराचा भेदही वारंवार आढळतो व तोही आजाराची धार कमी करतो. एका जनुकभेदाचा परिणाम दुसरे भेद असे बदलतात. यावरून ‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य’ असा समज रूढ झाला. तो धोक्याचा आहे. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांच्या कामातून तीव्र आजार असलेली मुलेही पुढे आली, आणि अशा मुलांना हायड्रॉक्सीयुरिया हे औषध थोड्या मात्रेतही उपयोगी पडते हे दिसले.

आहार व जनुक यांची गुंतागुंत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या अभ्यासातून उत्तम उलगडते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व मुले अभ्यासली. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. पुण्याच्या बाळांत स्नायू कमी असूनही त्वचेखालची चरबी बरीच टिकून होती. पुढे 2014 मध्ये पुणे व म्हैसूरच्या माहितीवरून जनुकाचाच पुरावा म्हणून उपयोग झाला. एमटीएचएफआर जनुकातील एका भेदामुळे आईच्या रक्तातील होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढते. हा भेद जन्मापासूनच असतो, गरिबी किंवा आहार तो ठरवत नाही. तरीही तो असलेल्या मातांची बाळे वजनाला कमी भरतात असे दिसले. म्हणजे होमोसिस्टीन हे नुसते सोबतचे लक्षण नसून कारणही असावे. होमोसिस्टीन बी-12 व फोलेट कमी पडल्यानेही वाढते, त्यामुळे या जनुकअभ्यासाचा धडा शेवटी आईच्या ताटापर्यंत पोहोचतो.

खानदेशातील निदानात दोन चुका होतात. एक, ‘यांची मुले जात्याच बारीक’ म्हणून कुपोषण सोडून देणे. जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे वाढ-मानक पाच वर्षांखालील सर्व मुलांना एकच लागू आहे, ते याच कारणासाठी. दुसरी चूक, अंगणवाडीत वजन भरत नाही म्हणून केवळ पोषण आहार वाढवत राहणे व रक्त न तपासणे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांत तर वजनांची सलग नोंदच राहत नाही, आणि एका मापावरून वाढीचा वेग कळत नाही.

चाचणी सोपी आहे. बोटातील थेंबभर रक्तावर विद्राव्यता चाचणी होते, पण ती वाहक व रुग्ण यांतला फरक सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतील चाचणी लागते. नवजात बाळातही विद्राव्यता चाचणी भरवशाची नसते. महाराष्ट्रात वाहकाला पिवळे व रुग्णाला लाल कार्ड दिले जाते. केंद्राचे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. रुग्ण मुलाला फॉलिक आम्ल, पेनिसिलिन, न्यूमोकोकल लस, गरजेप्रमाणे हायड्रॉक्सीयुरिया आणि वाढीव आहार हे सारे एकत्र मिळाले तरच वाढीचा आलेख वर सरकतो. म्हणून चोपड्याच्या डोंगरपट्टीतील प्रत्येक अंगणवाडीसेविकेने, आश्रमशाळेच्या शिक्षकाने व डॉक्टरने वजन न वाढणाऱ्या मुलाच्या आईला सिकलसेल चाचणीचा निकाल विचारावा आणि चाचणी झाली नसेल तर ती त्याच आठवड्यात करून घ्यावी.