मराठा पलटणीतून घडलेली कमांडो तुकडी : २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस)

‘कमांडो’ म्हटले की अनेकांना २६/११ च्या वेळी मुंबईत उतरलेले काळ्या वेशातले जवान आठवतात. ते राष्ट्रीय सुरक्षा दलाचे, म्हणजे एनएसजीचे होते. भूदलाचे स्वतःचे विशेष दल वेगळे आहे. त्याला ‘पॅरा (स्पेशल फोर्सेस)’ म्हणतात. त्यातल्या २१ पॅरा या बटालियनचे मूळ थेट मराठा लाइट इन्फन्ट्रीत सापडते.

विशेष दलांची सुरुवात कशी झाली?

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात मेजर मेघसिंह यांनी निवडक जवानांची एक छोटी तुकडी उभारली आणि शत्रूच्या हद्दीत घुसून छापे घातले. तिला ‘मेघदूत फोर्स’ म्हणत. त्या अनुभवातून १९६६ मध्ये ९ पॅरा कमांडो आणि पुढच्याच वर्षी १० पॅरा कमांडो या बटालियन उभ्या राहिल्या. डिसेंबर १९७१ मध्ये लेफ्टनंट कर्नल भवानीसिंह यांच्या नेतृत्वाखाली १० पॅराने सिंध प्रांतातील छाछरोवर छापा घातला. त्यासाठी भवानीसिंहांना महावीर चक्र मिळाले. त्याच महिन्यात ९ पॅराने पूंछ भागातील मंढोल येथे पाकिस्तानी तोफा निकामी केल्या.

मराठ्यांचा संबंध कुठे येतो?

हा संबंध दोन ठिकाणी येतो. पहिली बटालियन २ पॅरा (मराठा). ११ डिसेंबर १९७१ रोजी तिचे जवान आजच्या बांगलादेशातील टांगाईलजवळ विमानांतून उतरले. ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवण्यासाठी त्यांनी पुंगली पूल ताब्यात घेतला. त्या वेळी ही बटालियन विशेष दलात नव्हती. छत्रीधारी पायदळ हीच तिची ओळख होती. विशेष दलात तिचे रूपांतर नंतर झाले.

दुसरी बटालियन २१ पॅरा. ती मूळची २१ मराठा लाइट इन्फन्ट्री. १९९६ मध्ये तिचे विशेष दलात रूपांतर झाले. ईशान्य भारतातील जंगले आणि तिथल्या सशस्त्र गटांविरुद्धच्या कारवाया हे तिचे मुख्य कार्यक्षेत्र. जून २०१५ मध्ये मणिपूरच्या चंदेल जिल्ह्यात १८ जवान मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच म्यानमार सीमेवर झालेल्या कारवाईत ही बटालियन होती.

लाल टोपी म्हणजे स्पेशल फोर्सेस का?

नाही. मरून रंगाची टोपी सर्वच छत्रीधारी सैनिक घालतात. पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या खडकीत बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे. त्यांच्या ४११ पॅराशूट फील्ड कंपनीचे अभियंता सैनिकही विमानातून उड्या मारतात, पण ते विशेष दल नव्हे. पॅरा (एसएफ)साठी जवानाने स्वतःहून पुढे यावे लागते आणि काही महिन्यांची खडतर निवडचाचणी पार करावी लागते. बहुतेक जण मध्येच गळतात. टिकणाऱ्यांना ‘बलिदान’ असे लिहिलेला बिल्ला मिळतो.

नौदलाचे मार्कोस (१९८७) आणि हवाई दलाचे गरुड (२००४) ही दलेही वेगळी आहेत.

कर्नल संतोष महाडिक

सातारा जिल्ह्यातील पोगरवाडीचे संतोष महाडिक हे साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी. १९९८ मध्ये ते २१ पॅरात अधिकारी झाले. ईशान्येतील कामगिरीसाठी त्यांना सेना पदक मिळाले. पुढे त्यांच्याकडे काश्मीरमधील ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व आले. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाडा जिल्ह्याच्या जंगलात दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकीत त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र देण्यात आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांना वयाच्या अटीत सवलत मिळाली. चेन्नईतील प्रशिक्षण पूर्ण करून २०१७ मध्ये त्या लष्करात अधिकारी झाल्या.

ओटिंग : विसरून चालणार नाही असे प्रकरण

४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यातील ओटिंग गावाजवळ २१ पॅराच्या तुकडीने कोळसा खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर अतिरेकी समजून गोळीबार केला. सहा जण ठार झाले. त्यानंतर संतप्त गावकऱ्यांशी झालेल्या संघर्षात आणखी सात नागरिक व एक जवान मरण पावले. दुसऱ्या दिवशी मोन शहरात आणखी एका नागरिकाचा बळी गेला. राज्य पोलिसांनी ३० लष्करी कर्मचाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. अफ्स्पा कायद्यानुसार खटल्यासाठी केंद्राची परवानगी लागते आणि ती नाकारण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कार्यवाही बंद केली. मात्र लष्कराला शिस्तभंगाची कारवाई करण्याची मोकळीक ठेवली.

विशेष दल लहान असते, गुप्तपणे काम करते आणि मिळालेल्या माहितीवर झटपट निर्णय घेते. माहिती अचूक असली की हीच पद्धत मोठे युद्ध न करता काम साधते. माहिती चुकली, तर त्याच वेगामुळे निरपराध माणसे मरतात आणि त्याच गुप्ततेमुळे जाब विचारणे कठीण होते. म्हणून २१ पॅराच्या इतिहासात महाडिकांचे नाव येते, तसे ओटिंगचेही यायला हवे.