गांज्याचा परवाना आणि मोहाची भट्टी

उरुग्वेने २०१३ साली, कॅनडाने २०१८ साली आणि जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून गांज्याच्या सेवनाला कायद्याची मान्यता दिली. या बातम्या आपल्याकडील वृत्तपत्रांतून येऊ लागल्यापासून सुशिक्षित तरुण मंडळींत एक विचार बळावला आहे. गांजावरील बंदी ही जुनाट समजूत आहे, बंदी उठवून त्याची नियंत्रित विक्री करणे हा आधुनिक विचार आहे, आणि भारताने तो आता केला पाहिजे, असे ते म्हणतात. इतिहासाचा क्रम मात्र याच्या उलट आहे. नियंत्रित विक्री ही आपल्या देशातील जुनी रीत, आणि बंदी ही त्या मानाने कालपरवाची. ज्या प्रांतात आपला भंडारा जिल्हा मोडत होता, त्या मध्य प्रांतात सव्वाशे वर्षांपूर्वी गांज्याची लागवड सरकारी परवान्याने होत असे आणि तो सरकारमान्य दुकानातून विकला जात असे.

या व्यवस्थेची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल या विषयावरील जगातील सर्वांत विस्तृत अहवालांपैकी एक मानला जातो. त्याची हकीकत कॅथलिक कुटुंबांनी अवश्य समजून घ्यावी अशी आहे, कारण त्यात ख्रिस्ती माणसे दोन्ही बाजूंना उभी असलेली दिसतात.

विल्यम स्प्रोस्टन केन हे ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद मद्यपाननिषेधाच्या चळवळीतील कडवे कार्यकर्ते होते. हिंदुस्थान सरकार अफू, दारू आणि गांजा यांवर कर घेऊन तिजोरी भरते, हे त्यांच्या ख्रिस्ती विवेकाला सहन होईना. २ मार्च १८९३ रोजी त्यांनी कॉमन्स सभागृहात गांज्याविषयी प्रश्न विचारला आणि त्यातून चौकशीचे चक्र फिरू लागले. त्याच वर्षी अफूसाठी लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली एक वेगळा शाही आयोग नेमला गेला. गांजा, चरस आणि भांग यांसाठी जो आयोग झाला त्याचे अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग होते. सात सभासदांत चार इंग्रज आणि तीन हिंदी गृहस्थ होते. इंग्रजांपैकी ए. एच. एल. फ्रेझर यांची बरीच नोकरी आपल्या मध्य प्रांतात झाली होती. पुढे ते बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. हिंदी सभासदांत राजा शशिशेखरेश्वर रॉय, लाला निहालचंद आणि कपूरथळ्याच्या राजघराण्यातील कंवर हरनाम सिंग हे होते. हरनाम सिंग यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. राजकुमारी अमृत कौर या त्यांच्या कन्या. त्यांचा उल्लेख पुढे यावयाचा आहे.

आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. त्यांत कलेक्टर होते, सिव्हिल सर्जन होते, वकील, जमीनदार, लागवड करणारे शेतकरी आणि मिशनरीही होते. १८९४ च्या ऑगस्टमध्ये अहवाल तयार झाला. जाडजूड सरकारी अहवाल वाचण्याची हौस फारच थोड्यांना असते. त्यामुळे आज जे त्याचा दाखला देतात त्यांतील पुष्कळांनी त्याचे एकच वाक्य ऐकलेले असते. ते वाक्य असे की, या पदार्थांचे माफक सेवन सर्वसाधारणपणे अपायकारक आढळत नाही, म्हणून संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही. हे आयोगाचे मत होते यात शंका नाही. परंतु अतिसेवनाने अपाय होतो आणि दुर्बल मनाच्या माणसाला तो अधिक होतो, हेही त्याच अहवालात म्हटले आहे. त्याच्या शिफारशी मोकळीक देणाऱ्या नसून आवळणाऱ्या होत्या. लागवड मर्यादित क्षेत्रात व्हावी, माल सरकारी गोदामात जावा, कर पुरेसा जड असावा, दुकाने कमी असावीत, आणि एका माणसाजवळ किती माल असावा यालाही मर्यादा असावी, असे त्यांनी सुचवले. मध्य प्रांतात यातील काही गोष्टी आधीच चालू होत्या. येथे गांज्याची लागवड निमाड जिल्ह्यातील खांडव्याच्या परिसरापुरतीच मर्यादित होती आणि तेथील गोदामातून माल प्रांतभर जाई. मुंबई इलाख्यात हे पीक मुख्यतः अहमदनगरकडे होई, तर बंगालमध्ये राजशाहीतील नौगाव येथे.

अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा आहे. गांजामुळे माणसे वेडी होतात आणि इस्पितळे त्यांनी भरली आहेत, असे त्या काळी सर्रास बोलले जाई, आणि इस्पितळांची नोंदवहीही तसेच सांगत असे. आयोगाने नोंदवहीवर विसंबून न राहता १८९२ या एका वर्षात दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी ज्यांच्या नावापुढे गांजा, चरस वा भांग हे कारण लिहिले होते असे २२२ रुग्ण निवडले आणि एकेकाची मूळ हकीकत शोधली. अनेक ठिकाणी असे आढळले की, रुग्णाला पकडून आणणाऱ्या पोलिसाला कारण ठाऊक नसे, रकाना मात्र भरावा लागे, म्हणून तो ‘गांजा’ असे लिहून मोकळा होई. शेवटी ९८ प्रकरणांत या पदार्थांचा संबंध आयोगाने मान्य केला, तोही काहींत इतर कारणांबरोबर. म्हणजे शंभरात सुमारे सात. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावे. खोट्या आकड्यांच्या टेकूवर उभे केलेले सत्य टेकू निघताच लोकांना खोटे वाटू लागते. त्याचबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शंभरांतली सात माणसे ही सात घरे असतात. शिवाय १८९४ सालचा गांजा आणि आज पाश्चात्त्य देशांत शास्त्रीय पद्धतीने वाढवला जाणारा, कैकपटीने जहाल झालेला गांजा ही एकच वस्तू आहे असे समजून जुना निष्कर्ष आजच्या मालाला लावणे योग्य नव्हे.

आयोगात एकमत झाले नाही, ही गोष्टही क्वचितच सांगितली जाते. तीन हिंदी सभासदांपैकी राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोघांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. लोकांत राहणाऱ्या या दोघांना अपायाचे माप बहुमताने कमी धरले असे वाटले. हरनाम सिंग बहुमताबरोबर राहिले.

तिजोरीचा प्रश्न शिल्लक राहिला, आणि केन यांची मूळ तक्रार तीच होती. कर वाढवला की सेवन कमी होते, हा आयोगाचा युक्तिवाद प्रामाणिक होता. परंतु ज्या खात्याचे उत्पन्न विक्रीवर अवलंबून आहे त्या खात्याने विक्री घटावी म्हणून झटावे, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही. याचे उदाहरण शोधण्यासाठी गांज्यापर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातील मोहाचे झाड पुरेसे आहे.

फाल्गुन-चैत्रात भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या रानांत पहाटे मोहाची फुले टपटप गळतात. बायका-मुले टोपल्या घेऊन ती वेचतात, वाळवतात आणि घरात साठवतात. अन्न म्हणून, गुरांची वैरण म्हणून, औषध म्हणून आणि दारूसाठीही. गोंडांच्या देवकार्यात, लग्नात आणि मर्तिकात मोहाला स्थान आहे. इंग्रजी अंमलात हीच दारू अबकारीच्या हिशेबात आली. घरची भट्टी गुन्हा ठरली आणि ठेकेदाराची भट्टी कायदेशीर झाली. मुंबई इलाख्यात तर १८९२ साली ठाणे-कुलाब्याकडील मोहफुलांच्या साठ्यावरच निर्बंध घालणारा कायदा झाला, म्हणजे झाडाखाली पडलेले फूलही संशयित ठरले. नियमन हा शब्द ऐकावयास सौम्य आहे. तथापि आदिवासीच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा झाला की, जे तो सणाला घरी करीत असे ते त्याने रोज दुकानातून विकत घ्यावे. महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करण्यावरील व साठवण्यावरील निर्बंध २०२१ साली सैल केले. मधली सव्वाशे वर्षे मात्र फूल वेचणाऱ्या हाताकडे संशयानेच पाहिले गेले.

स्वातंत्र्याच्या वेळी देशाने दुसरी वाट धरली. महात्मा गांधी वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहत होते, आणि त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांत राजकुमारी अमृत कौर होत्या. पित्याने नियंत्रित विक्रीच्या शिफारशीखाली सही केली होती, तर कन्या दारूबंदीला राष्ट्रकार्य मानणाऱ्या आश्रमात वावरली आणि पुढे स्वतंत्र भारताची पहिली आरोग्यमंत्री झाली. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पेये आणि आरोग्यास अपायकारक अंमली पदार्थ यांचे सेवन, औषधी उपयोग वगळता, बंद करण्याचा प्रयत्न राज्यावर सोपवला. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा आदिवासींचे नेते जयपाल सिंग यांनी विरोध केला. ते स्वतः ख्रिस्ती होते. तांदळाची पेज आंबवून केलेले पेय हा आदिवासींच्या धर्मविधींचा भाग आहे, त्यात हात घालू नका, असे त्यांचे म्हणणे होते. कोल्हापूरचे बी. एच. खर्डेकर यांनीही विरोध केला. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मिस्साविधीच्या द्राक्षारसापुरता अपवाद केला. आपल्याला ती सवलत मिळाली आणि आपण ती साहजिक मानली. तीच मागणी जयपाल सिंगांनी आपल्या लोकांसाठी केली होती, हे आपण सहसा आठवत नाही.

गांज्याची गोष्ट मात्र परदेशात ठरली. १९६१ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने अंमली पदार्थांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतासारख्या देशांना वैद्यकेतर सेवन थांबवण्यासाठी २५ वर्षांची मुदत मिळाली. ती सरत आली असता १९८५ साली आपला अंमली पदार्थविषयक कायदा आला. त्याने गांजा आणि चरस बंद केले. पाने व बिया मात्र व्याख्येबाहेर राहिल्या आणि म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकाने आजही आहेत. एकाच झाडाचा शेंडा तुरुंगात नेतो आणि पान दुकानात मिळते! डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांज्याला सर्वांत कडक सूचीतून काढले तेव्हा भारताने त्या बाजूने मत दिले. देशातील बंदी मात्र तशीच आहे.

बंदी काय करते आणि काय करीत नाही, हे समजण्यासाठी आपल्या जिल्ह्याइतके चांगले ठिकाण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासह अनेकांनी उभ्या केलेल्या लोकचळवळीतून १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या, आणि १ एप्रिल २०१५ पासून तेथेही बंदी लागू झाली. भंडारा ओला राहिला. पवनी आणि लाखांदूर हे तालुके या दोन कोरड्या जिल्ह्यांच्या शिवेला लागून असल्याने सहा वर्षे दोन्ही बाजूंना कोरडे आणि मध्ये ओले अशी स्थिती होती, आणि माल कोणत्या दिशेने जाई हे सांगावयास नको. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली. अवैध दारू आणि गुन्हे वाढल्याचे कारण पुढे करण्यात आले, आणि बुडणाऱ्या महसुलाचीही चर्चा झाली. ज्या स्त्रिया चिमूरहून चालत गेल्या होत्या, त्यांच्या घरी बंदीच्या काळात पगाराचे किती रुपये पोहोचत होते, हा हिशेब त्या चर्चेत कितपत धरला गेला, याची मला शंका वाटते.

ख्रिस्तमंडळाची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात मद्याच्या अतिरेकाचा निषेध आहे. अंमली पदार्थांचे सेवन मात्र, औषधोपचार वगळता, गंभीर अपराध मानले आहे. १९९७ साली व्हॅटिकनच्या कुटुंबविषयक परिषदेने अंमली पदार्थ मोकळे करण्याच्या विचाराविरुद्ध निवेदन काढले. जून २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मौजेच्या अंमली पदार्थांना अंशतः कायदेशीर करण्याचे प्रयत्नही फोल ठरतात असे सांगितले, आणि २६ जून २०२४ च्या सर्वसाधारण भेटीतही तीच भूमिका पुन्हा मांडली. त्याच वेळी व्यसनी माणूस हा देवाचे लेकरू आहे आणि त्याला टाकून देता येत नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. या दोन गोष्टी एकत्र धरणे कठीण आहे. धर्मग्रामात पहिली सर्वांना पाठ असते, दुसरी मात्र शेजारच्या घरी मुलगा पकडला गेला की कुजबुजीत विरून जाते.

म्हणून कायद्यातील एक तरतूद येथे सांगतो, कारण ती फार थोड्या घरांना ठाऊक असते. गांज्याचे केवळ सेवन केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. परंतु ६४-अ या कलमानुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याच्या आरोपाखालील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारमान्य किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या केंद्रात उपचार घेऊ लागली तर तिच्यावरील खटला चालत नाही. अट अशी की, उपचार पूर्ण झाला पाहिजे. अर्धवट सोडल्यास संरक्षण जाते. गांज्यासाठी अल्प प्रमाण म्हणजे एक किलोपर्यंत. ओडिशाकडून छत्तीसगडमार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग साकोली, लाखनी आणि भंडारा या गावांवरून नागपूरला जातो, आणि त्या वाटेवर गांजा पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. वीस किलोंच्या पुढच्या मालाला कायद्यात व्यापारी प्रमाण म्हणतात आणि त्याची शिक्षा किमान दहा वर्षे आहे. मालाचा मालक सहसा गाडीत नसतो. गाडीत असतो तो भाड्याने घेतलेला चालक किंवा थोड्या पैशांच्या आशेने बसलेला कॉलेजचा पोरगा.

महाराष्ट्रात दारूच्या दुकानाविरुद्ध गावातील स्त्रियांना मतदानाने कौल देता येतो. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवी बाटली निवडली तर दुकान बंद होते. मत द्यावयास आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतील एकूण नावांपैकी निम्म्या. रोवणीच्या दिवसांत मतदान ठेवले की काय होते, हे धानाच्या पट्ट्यातील बायकांना वेगळे सांगावे लागत नाही. गांज्याची परवानाधारक दुकाने उद्या खरोखरच आली, तर ती बंद करण्यासाठीही याच बायकांना, याच यादीपुढे, रोवणी सोडून उभे राहावे लागेल.