भीमदेवाच्या नायगावात

तुम्ही दादर पूर्वेला, नायगावच्या भोईवाड्यात उभे आहात. रस्ता, चाळी, पोलिसांच्या वसाहती, नवे टॉवर, सगळं नजरेआड करा. साल १३००.

पायाखाली ओली माती आहे आणि खारा वारा चहूबाजूंनी येतोय, कारण तुम्ही बेटावर आहात. परळ हे एक बेट, माहीम दुसरं, वरळी तिसरं. गिरगावला जायचं असेल तर ओहोटीची वाट बघून चिखल तुडवा, नाहीतर होडी गाठा. माडांच्या रांगा नव्याने लागताहेत, रोपं अजून कमरेएवढी आहेत. किनाऱ्यावर कोळ्यांची खोपटं दिसतात. ही माणसं इथे सगळ्यांच्या आधीपासून आहेत. त्यांनी जेवायला बसवलं तर पानात भात आणि ताजं म्हावरं येईल. कालवणात तिखटपणा मिरीचा असेल. मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही. ते सगळं पोर्तुगीजांच्या गलबतांतून यायला अजून दोनशेहून जास्त वर्षं आहेत.

परळकडे थोडं चाला. वाटेत एक उभा दगड दिसेल, शके ११०८ चा. तुम्ही आलात तेव्हाही तो शंभरावर वर्षांचा जुना आहे. शिलाहार राजा अपरादित्याने वैद्यनाथाच्या पूजेसाठी दिलेल्या २४ द्रम्म नाण्यांच्या उत्पन्नाचं हे दानपत्र. लेख संस्कृत आहे, पण दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी मात्र थेट मराठीत कोरली आहे. खाली गाढवाचं ओंगळ शिल्प आहे, ते वाचता न येणाऱ्यांसाठी.

त्या शिलाहारांचं राज्य आता संपलंय. त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर १२६५ च्या सुमारास समुद्रावरच्या लढाईत बुडाला. त्याला हरवणारा देवगिरीचा महादेव यादव हा ज्याच्या राज्यात तुम्ही आलात त्या भीमदेवाचा चुलत आजोबा. परंपरेने भीमदेवाला बिंबराजाही म्हणतात. आजोबांनी जिंकलेल्या मुलखात नातू आसरा शोधत आला आहे.

मागे फिरून नायगावला या. न्यायसभेच्या दाराशी भोई पालखी उतरवताहेत. इतिहासकार एडवर्ड्‌स याने भीमदेवाची न्यायसभा इथेच, नायगावात सांगितली आहे. बाहेर सावलीत देवगिरीहून आलेला एखादा म्हातारा कारभारी बसला असेल. त्याच्याजवळ टेका आणि त्याला बोलू द्या.

तो सांगेल, भीमदेवाच्या वडिलांचं, रामदेवरायांचं राज्य काय होतं! नेवाशाला ज्ञानदेवांनी गीतेवर मराठीत भाष्य केलं, त्यात राजाचं नाव आलं, त्याला दहाच वर्षं झाली. मग १२९६ साली अल्लाउद्दीन अचानक येऊन थडकला. फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. राजाने किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले. घाईत वर चढवलेल्या गोण्या उघडल्या, तर धान्याऐवजी मीठ निघालं. मिठावर किल्ला किती दिवस लढणार? खंडणी गेली, सोनं गेलं, राजाची मुलगी दिल्लीला गेली. आणि हा धाकटा राजपुत्र कोकणात उतरला.

म्हातारा इथे थांबेल, कारण त्याची कहाणी इथवरच आलेली आहे. पुढचं तुम्हाला माहीत आहे, आणि ते तुम्ही त्याला सांगू शकत नाही. शंकरदेव काही वर्षांत मलिक काफूरच्या हातून मारला जाईल. मेहुणा हरपाळदेव स्वातंत्र्यासाठी उठेल आणि १३१८ मध्ये दिल्लीचा सुलतान त्याची कातडी सोलवेल. दिल्लीला गेलेल्या बहिणीचा मुलगा, इसामीच्या ग्रंथाप्रमाणे, १३१६ मध्ये पोरवयात सुलतान म्हणून तख्तावर बसवला जाईल आणि लगेच खाली खेचला जाईल. एका घराची मुलं देवगिरी, दिल्ली आणि या खाजणाच्या बेटांवर विखुरली, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत दुखरं वाटतं.

भीमदेवाच्या वाट्याला इथे फार वर्षं आली नाहीत. एडवर्ड्‌सने त्याच्या मृत्यूचं साल १३०३ दिलं आहे. त्याचा मुलगा प्रताप याने मरोळजवळ प्रतापपूर वसवलं. १३३१ मध्ये मेहुण्याने, चौलच्या नागरदेवाने, त्याला मारून राज्य घेतलं. देवगिरीचं घर परक्यांनी मोडलं, इथलं घरच्याच माणसाने.

पण आता सभेत चला, काम सुरू आहे. गोविंद मितकरी याची विधवा चांगुणाबाई मालाडकडच्या सरदेसाई-सरदेशपांडे वतनाचा व्यवहार करते आहे. राजा ते वतन २४ हजार रायलांना विकत घेतो. पुढे तो ते राजगुरू पुरुषोत्तम कवळे यांना दान देईल. रायल हे नाणं या काळाला जुळत नाही. या व्यवहाराचा आपल्या हाती आलेला कागद नंतरच्या हाताचा असणार. तरीही विधवेचं वतन राजा हिसकावत नाही, मोल मोजून घेतो, ही आठवण लोकांनी जपली. मला ती भीमदेवाच्या कुठल्याही पराक्रमापेक्षा मोठी वाटते.

सभेत बसलेली माणसं नीट पाहून घ्या. पाठारे प्रभू, पळशे ब्राह्मण, पाचकळशी, भंडारी. बिंबाबरोबर ६६ कुळं आली, असं महिकावतीची बखर सांगते. बखरीतला एक बिंब, प्रतापबिंब, मात्र शके १०६० मध्ये म्हणजे भीमदेवाच्या दीडशे वर्षं आधी येतो. दोन राजांच्या कथा परंपरेत एकमेकींत मिसळल्या आहेत, असं माझं मत आहे. कुळांबद्दल मात्र शंका घ्यायला जागा कमी. गिरगावच्या प्रभूंच्या घरांत आणि दादर-माहीमच्या वाड्यांत त्यांचे वंशज आजही राहतात. बिंबराजाशी जोडलेली प्रभावती देवी पोर्तुगीज काळात लपवावी लागली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं देऊळ उभं राहिलं आणि त्या भागाला तिचंच नाव मिळालं.

आता परत या. आजच्या नायगावातच मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. महिकावतीच्या बखरीचा केशवाचार्याने १४४८ मध्ये रचलेला भाग आपल्यापर्यंत पोहोचला, कारण घराघरांतून पोथ्या नकलून ठेवल्या गेल्या आणि १९२४ मध्ये इतिहासकार राजवाड्यांनी त्या छापल्या. तुमच्या घरातल्या ट्रंकेत आजोबांच्या वह्या, सनदा, कुळाच्या याद्या असतील, तर चाळ पुनर्विकासाला जाण्याआधी त्या बाहेर काढा, त्यांची नक्कल करा आणि मूळ कागद अशा एखाद्या संग्रहात देऊन टाका.