चाकरमान्यांचा कौल

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम झळकली आणि ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ कॉरोनेशनमध्ये लागला. परंतु माडपोफळींच्या आगरांत वसलेल्या केळशीसारख्या गावास, कोणता चित्रपट गाठीचे पैसे मोडून पाहण्याजोगा, याचा निवाडा मिळे तो सुटीत घरी येणाऱ्या चाकरमान्यांच्या तोंडून. ‘संत तुकाराम’ १९३६ साली लागून मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, तेव्हा कीर्तनावर पोसलेल्या वडीलधाऱ्यांचा सिनेमाविषयीचा आकस निवळला खरा; पण केवळ भक्तिभावाने तो चालला असे मानणे भाबडेपणाचे होईल. विष्णुपंत पागनिसांचा गळा होताच, शिवाय आजारी पोराला घेऊन, हाती पायताण धरून, थेट विठोबालाच जाब विचारणारी गौरीची जिजाई होती. तशी फटकळ, कष्टाळू बाई कोकणातल्या कोणत्या आळीत नव्हती?

१९५३ चा आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ तर घरचाच म्हणायचा, कारण मूळ पुस्तक लिहिणाऱ्या साने गुरुजींचे पालगड केळशीच्याच दापोली तालुक्यातले. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले, हा सरकारी शिफारसपत्राचा भाग झाला.

गावोगावी सिनेमा दाखवणाऱ्या फिरत्या तंबूच्या मालकास मात्र चित्रपट निवडण्याची ही चिकित्सा परवडत नसे: १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यान्वये परवाना काढायचा, यंत्र नि रिळांच्या पेट्या खडतर वाटेने वाहायच्या, आणि पाऊस लागण्यापूर्वी तंबू गुंडाळायचा; म्हणून हाती येईल ते रीळ तो दाखवी.