पाठीवर न नेलेले घर : रायगडच्या कातकऱ्यांचे स्थापत्य

१/ भटक्यांचे घर म्हटले की डोळ्यांसमोर वाळवंटातील तंबू उभा राहतो. अरबस्तानातील बदू टोळ्यांच्या तंबूचे कापड स्त्रिया बकरीच्या काळ्या केसांपासून विणत. अरबीत त्याचे नावच 'केसांचे घर' असे आहे. पाऊस आला की केस फुगतात आणि विणीतील छिद्रे बुजतात. वाळवंटात लाकूड दुर्मीळ, म्हणून खांबसुद्धा उंटावर लादून न्यावे लागत.

२/ रायगडच्या किनारपट्टीवर याच्या नेमके उलटे घडले. येथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि समुद्रापासून सह्याद्रीपर्यंत रान होते. या भूमीवरील कातकरी वर्षातील कित्येक महिने कामामागे फिरत, परंतु घर पाठीवर नेत नसत. घर मागे राही. सोबत जाई ते घर बांधण्याचे ज्ञान.

३/ त्याच कोकणात दुसरे भटके दिवाळीनंतर घाट उतरून येत, ते देशावरच्या दुष्काळी पट्ट्यातील धनगर. शेतकऱ्यांच्या शेतात मेंढ्या बसवायच्या, खताच्या मोबदल्यात धान्य घ्यायचे आणि बिऱ्हाड घोड्यावर लादून पुढे निघायचे. कोरड्या मुलखातून आलेल्यांचे बिऱ्हाड घोड्यावर आणि ओल्या मुलखातल्यांचे रानात, असा हा भेद एकाच गावाच्या शिवारात पाहावयास मिळे.

४/ कातकरी किंवा काथोडी हे नाव काथावरून पडले. खैराचे झाड तोडून त्याच्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या आणि तो काढा आटवून काथ करायचा, हा त्यांचा जुना व्यवसाय. काथ विड्यात लागे, कातडी कमावण्यास लागे, रंगकामासही लागे. एका जागचे खैर संपले की चुली पुढे सरकत आणि त्यांच्याबरोबर झोपड्याही.

५/ आता ती झोपडी पाहू. जमिनीत मेढी रोवायच्या, म्हणजे वर बेचके असलेले खांब. त्यांवर आढे, आढ्यावरून दोन्ही बाजूंस वासे. वर गवत, भाताचा पेंढा किंवा ताडाची पाने. बांधणीस झाडाच्या सालीचे वाख. खिळा एकही नाही. वळचण इतकी खाली की आत जाताना वाकावे लागते, कारण नैर्ऋत्येचा पाऊस येथे तिरपा झोडपतो.

६/ भिंत म्हणजे कारवीचा कूड. कारवी हे सह्याद्रीच्या उतारावरचे विलक्षण झुडूप: साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. त्या सरळ, वाळलेल्या काठ्या शेजारी शेजारी बांधल्या, वरून माती आणि शेण लिंपले की कूड झाला. लिंपण पातळ ठेवले तर उन्हाळ्यात फटींतून वारा खेळतो. पावसाआधी ते जाड करायचे. चुलीचा धूर छपरातून झिरपत बाहेर पडतो आणि जाता जाता गवतातील किडीला आवर घालतो.

७/ दर वर्षी पावसाआधी घर शाकारावे लागे. जुने गवत उतरे, नवे चढे. कुजलेली मेढ बदलली जाई. सोडून दिलेले घर दोनचार पावसांत मातीत मिसळून जाई. टिकाऊपणा घरात नव्हताच, तो रानात होता. रान हेच या घराचे कोठार.

८/ हे कोठार सरकारने आपल्या ताब्यात घेतले. १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलांचा मार्ग प्रशस्त केला. ठाणे आणि कुलाबा (म्हणजे आजचा रायगड, नाव १९८१मध्ये बदलले) या जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी उठल्या की सरकारला त्यांच्या चौकशीसाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७मध्ये आला. शेतकऱ्याची चिंता राबाच्या फांद्यांची होती. कातकऱ्याचे तर काम आणि घर दोन्ही त्याच कुंपणापलीकडे गेले.

९/ २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेरजवळ अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी हे एक. जंगल सत्याग्रहाकडे बहुधा मिठाच्या सत्याग्रहाची पुरवणी म्हणून पाहिले जाते. ते पुरेसे नाही. लाकूड आणि गवत हा ज्याच्या घराचाच प्रश्न होता, तोही त्या गर्दीत उभा होता.

१०/ काथ सुटला तेव्हा कोळशाच्या भट्ट्या आल्या, पुढे वीटभट्ट्या. पावसाळ्यात हाताला काम नसताना मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब ती फेडण्यास भट्टीवर जाते. तेथे राहायला काय? कच्च्या-पक्क्या विटा चुन्या-सिमेंटाविना एकावर एक रचायच्या, वर पेंढा किंवा प्लास्टिक. वाकून आत शिरण्याइतकी उंची. हंगाम संपताना त्या भिंतीच्या विटाही विक्रीस जातात. भटकंती तीच राहिली, पण वास्तू पार बदलली: कुडाच्या घरात निवड होती, येथे केवळ नाइलाज आहे.

११/ कुडाच्या घराचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. त्याला वाळवी लागते, आग लागते, साप शिरतो. पावसाळाभर ओल हटत नाही. पक्के घर मागणाऱ्या कातकरी स्त्रीला पारंपरिक स्थापत्याचे महत्त्व सांगत बसणे हा शहरी उद्धटपणा होय. पण पत्र्याचे घरही निर्दोष नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा पत्रे कागदासारखे उडाले. उडालेले गवत रानातून पुन्हा आणता येते. पत्रा विकतच आणावा लागतो.

१२/ घराखालची जमीन हा आणखी कठीण प्रश्न. अनेक कातकरीवाड्या गावठाणाबाहेर, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर वसल्या आहेत. शेतमालकाला मजूर हवे होते तोवर कोणी हरकत घेतली नाही. मुंबईजवळच्या जमिनीला भाव आला आणि वाडी अडचण ठरू लागली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १२२नुसार जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतात, म्हणजे कायद्यात वाट आहे.

१३/ २००६च्या वनहक्क कायद्याने आणखी एक गोष्ट मान्य केली: आदिम जमातींचा 'अधिवासाचा' हक्क. केवळ चार भिंती नव्हेत, तर परंपरेने वापरलेला परिसर. कातकरी ही महाराष्ट्रातील अशा तीन जमातींपैकी एक. इतर दोन कोलाम आणि माडिया गोंड. मेढी, कारवी, गवत आणि वाख जेथून येत तो डोंगर हा घराचाच भाग आहे, हे कायद्याच्या भाषेत प्रथमच आले.

१४/ नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत या जमातींना पक्क्या घरासाठी २ लाख ३९ हजार रुपये मिळतात. वाडीवर अशी घरे उभी राहू लागली आहेत. दिवाळी झाली की त्यांतील कित्येकांना कुलूप लागते, आणि घरमालक भट्टीवर विटा रचून दुसरे घर बांधतात.